केळीच्या गाडीची भीती

या मायबापहो, जरा पुढे सरका. ज्यांच्या मांडीवर लेकरू आहे त्यांनी तर अगदी जवळ बसावं, कारण ही गोष्ट तुमचीच आहे. पुराणातले राक्षस देवाने केव्हाच मारले. पण एक राक्षस आपण रोज सकाळी, जेवणाच्या ताटापाशी, आपल्याच जिभेने घडवतो आणि लेकराच्या छातीवर बसवतो. त्याची गोष्ट सांगायची आहे. ऐकताना हसू आलं तर हसा, पण घरी जाताना विसरू नका.

रावेर तालुक्यातल्या एका गावात नवल नावाचा तरुण शेतकरी राहतो. चार एकर केळीची बाग, घरात आई शेवंताबाई, बायको दिपमाला, साडेचार वर्षांचा पियुष आणि नऊ महिन्यांची तान्ही. नवल कष्टाळू, निर्व्यसनी. सप्त्यात टाळ घेऊन उभा राहणारा. देवाचा माणूसच म्हणा ना! पण देवाच्या माणसाकडूनही चूक होते, आणि ती चूक आहे हे त्यालाच ठाऊक नसलं म्हणजे ती रोज होते.

मे महिन्यातली सकाळ. तान्हीला आदल्या दिवशी लस टोचलेली, अंगात ताप, तिची किरकिर थांबेना. एका हाताने तिला थोपटत दिपमाला दुसऱ्या हाताने पियुषला घास भरवत होती आणि पियुष तोंड घट्ट मिटून भिंतीकडे पाहत होता. प्रत्येक घरातला प्रसंग! तुमच्याही, आमच्याही.

"खातो का नाही रे?" ओट्यावरून शेवंताबाई म्हणाल्या. "तो पाहा, गाडीवाला आला!"

पियुषने चटकन तोंड उघडलं.

"पाहिलं?" नवल हसला. "गावात पोरांच्या मागे आया ताटं घेऊन फिरून राहिल्या. आपलं पोरगं एका शब्दात सरळ! दिल्लीची गाडी म्हटली की झालं."

केळीच्या गावात बुवा नसतो, बागुलबुवा नसतो. तिथे गाडी असते. घड कापून झाले की बांधावर ट्रक येऊन उभा राहतो. केळी भरतो आणि सातपुडा ओलांडून उत्तरेला, पार दिल्लीकडे निघून जातो. गेलेली केळी परत येत नाहीत, हे लेकरू डोळ्यांनी पाहतं. म्हणून त्या गावात सांगायची रीत पडली, 'झोपत नाहीस? घालू का केळीच्या गाडीत?' नवलच्या आईबापाने नवलला सांगितलं, नवलने पियुषला. आणि नवल बापाच्या एक पाऊल पुढे गेला. पंधरा दिवसांमागे पियुषने मोबाइलसाठी लोळण घेतली, तेव्हा याने त्याला उचललं आणि भरत्या गाडीच्या मागच्या फाळक्याआत, पाल्यावर नेऊन उभं केलं. त्या दिवशीच्या ड्रायव्हरने गंमत म्हणून भोंगा वाजवला. मजूर खो खो हसले. लेकराची चड्डी ओली झाली, तरी हसले.

"अहो, रात्री दचकून उठतो तो," दिपमाला घास कालवत म्हणाली. "चार दिवस झाले, अंथरूण ओलं करतो. नका ना त्याला गाडीची भीती घालू."

"आम्ही नाही का मोठे झालो? आमच्या बापाचा नुसता डोळा पुरायचा. धाक नसला तर पोरं डोक्यावर बसतात."

"धाक वेगळा आणि…"

"बरं, बरं. तू तान्हीकडे पाहा. आज कापणी आहे, याला मी बागेत नेतो. तेवढीच तुला उसंत."

मनाने चांगलाच माणूस. बायकोचे कष्ट कळत होते त्याला. म्हणून तर पोराला फटफटीवर पुढे बसवून तो बागेत घेऊन गेला.

दहा वाजले आणि ऊन चटके देऊ लागलं. भाईदासची कापणीची टोळी कामाला लागली होती. कोणी घड उतरवत होतं, कोणी डोक्यावर घेऊन बांधाकडे जात होतं. बांधावर गाडी उभी होती. ड्रायव्हर रामनरेश उत्तर प्रदेशचा, शांत, मध्यम वयाचा गडी. पाला अंथरून घड कसे रचताहेत ते तो पाहत होता. टोळीत वना आबाही होते. मूळचे पारोळ्याकडचे, साठी ओलांडलेले, कीर्तनात मृदंग वाजवणारे. एरवी सगळ्यांशी सरळ मराठीत बोलत, पण जीव गलबलला की त्यांच्या तोंडी अहिराणी येई.

पियुष बराच वेळ एकटाच खेळला. मग त्याला ठिबकच्या पाइपाची तोटी सापडली. त्याने ती फिरवली. पाण्याची धार उडाली, वाटेवर चिखल झाला, आणि घड घेऊन येणारा एक मजूर घसरून पडला. माणसाला लागलं नाही, पण घडाच्या फण्या फुटून विखुरल्या.

नवलचं डोकं फिरलं. त्याने पोराचा दंड धरला. "थांब! आज तुला सोडत नाही. आधी तुला भरतो गाडीत, मग केळी!" आणि तिथूनच ओरडला, "भैया, आज इसको ले जाओ दिल्ली!"

रामनरेशचं लक्ष दोरखंडाकडे होतं. मालक गंमत करतोय, असं समजून त्याने मान डोलावली. "हाँ हाँ, ले जाएँगे. जगह रखी है."

जगह रखी है! मायबापहो, मोठ्यांच्या कानाला ही नुसती गंमत. त्या लेकराच्या कानाला काय ऐकू गेलं असेल?

नवलने दंड सोडला आणि तो घड मोजायला वळला. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने मागे पाहिलं तेव्हा पियुष नव्हता.

आधी त्याला काही वाटलं नाही. "पियुष! ए पियुष!" त्याने हाक मारली. झाडाआड असेल. दुसरी हाक, तिसरी हाक. पंपाच्या बाजूला पाहिलं, पाल्याच्या ढिगाशी पाहिलं. मग टोळीतल्या एकाने बोट दाखवलं. विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक छोटी निळी चप्पल पडली होती. एकच.

नवल धावत विहिरीकडे गेला.

भाईदासने कमरेला दोर बांधला आणि तो विहिरीत उतरला. वर सगळे वाकून उभे. पाणी हिरवं, खोल. तो बुडी मारून वर आला, त्याने मान हलवली. पुन्हा बुडी. नवल काठावर बसून राहिला. त्याला देवाचं नावसुद्धा आठवेना. आयुष्यभर टाळ वाजवला, आणि त्या घटकेला ओठांवर एक नाव येईना!

"नाही नवलभाऊ," भाईदास धापा टाकत वर आला. "तळ चाचपला. पोरगं पाण्यात नाही."

नाही! मग कुठी? चार एकर बाग, शेजारी दुसऱ्यांच्या बागा, एकमेकींना लागून. आत शिरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. सगळे पांगले. नवल ओरडत होता, मजूर ओरडत होते. रामनरेश भला माणूस, तोही भरणं सोडून बागेत फिरत, त्याच्या दणकट आवाजात हाका मारत होता, "पियूस! आजा बेटा, आजा!" कोणीतरी म्हणालं, आवाज लांब जात नाही, गाडीचा भोंगा वाजवा. म्हणून भोंगाही वाजवला. एकदा, दोनदा, दहादा. अख्खं शिवार दणाणलं.

बारा वाजून गेले. सूर्य डोक्यावर, झळा अशा की तोंडाला फडकं बांधूनही श्वास पोळत होता. पोर सकाळपासून दोनच घोट पाणी प्यायलेलं. आणि दिपमाला आली. शेजारणीच्या हाती तान्हीला देऊन, शेताच्या वाटेने धावत आली. तिने आरडाओरडा केला नाही. नवलसमोर उभी राहिली आणि तिने एकच विचारलं,

"तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"काही नाही."

"काही नाही कसं? काहीतरी म्हणाला असाल."

"काही नाही म्हटलं ना! आपला खेळत होता, गेला कुठीतरी!"

नवल बायकोशी खोटं बोलला. लोकांसमोर खाली मान घालायची नव्हती म्हणून खोटं बोलला. आणि ते खोटं पोराच्या वाटेतला पहिला धोंडा होता, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

"पोलिसांना फोन लावू?" भाईदासने विचारलं.

वना आबा हे ऐकत होते. डोक्याचं फडकं सोडून ते पुढे आले.

"पोलीस आले तर बरंच आहे. पण नवलभाऊ, मला एक सांगा. पोराला कधी पोलिसाची भीती घातली आहे का?"

नवलने वर पाहिलं नाही. "घातली आहे. दूध पिला नाही की."

"डॉक्टरची?"

"सुईची," दिपमाला हळूच म्हणाली. "ती मीच घातली. लसीच्या वेळी."

"आणि गाडीवाल्याची?"

नवलने बांधावरच्या गाडीकडे पाहिलं. वना आबा बोलू लागले. "नवलभाऊ, दोन तास झाले, आपण काय करतोय? ज्याची पोराला सगळ्यांत जास्त भीती, त्याच्याच तोंडून हाका मारून राहिलो. त्याच्याच गाडीचा भोंगा वाजवून राहिलो! अहो, पोलीस, डॉक्टर, रस्त्यावरचा गाडीवाला… लेकरू हरवलं तर त्याला उचलून घरी आणणारी माणसं हीच ना? त्या एकेकाला तुम्ही राक्षस करून ठेवलंत. आता लेकराने मदतीला जायचं कोणाकडे? बापाकडे? बापच तर गाडीत घालणार होता!"

दिपमालाने नवऱ्याकडे पाहिलं. मघाचं 'काही नाही' खोटं होतं, हे तिला कळलं.

"पोऱ्या दूर गया नहीं," वना आबा म्हणाले. "आठेच शे. दपेल शे, लपेल शे. आपण जठे दारातून पाहिलं आणि 'नाही' म्हटलं, तठेच कुठेतरी बसेल शे. आता हाका बंद. बठ्ठा जण गप्प ऱ्हा. गाडी पार डांबरी रस्त्यावर जाऊ द्या. पण नवलभाऊ, त्याच्याआधी तुम्हाला बोलावं लागेल. मोठ्याने. सगळ्यांसमोर. पोर ऐकत असेल."

"काय बोलू?"

"खरं."

बांधावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. भाऊबंद, मजूर, सप्त्यातले सोबती. याच माणसांसमोर नवल ऐटीत म्हणायचा, आपलं पोरगं एका शब्दात सरळ! त्याने रामनरेशकडे पाहिलं. रामनरेशला एव्हाना सगळा प्रकार उमगला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"मैंने तो हँसी में कह दिया था, भैया," तो पुटपुटला. "मेरी बिटिया भी इतनी ही है. गाँव में कोई उसको ट्रकवाले से डराता होगा, तो… वो तो मेरे से ही डरेगी ना?"

नवलच्या काळजात ते शब्द खोल गेले. रात्रंदिवस गाडी हाकून पोरीचं पोट भरणारा हा माणूस! त्याला राक्षस कोणी केला? आपणच केला.

तो बागेच्या तोंडाशी गेला. पहिले दोन शब्द कोणाला ऐकूच गेले नाहीत. मग तो ओरडला,

"पियुष! गाडी पोरांना नेत नाही! मी खोटं बोललो होतो! ऐकतो का बेटा? तुझा पप्पा खोटं बोलला! गाडी फक्त केळी नेते. हा भैया चांगला आहे. तुला कोणी कुठे नेणार नाही. माझं चुकलं रे! माझं चुकलं!"

कोणी हसलं नाही. दोन-चार बापांनी तर मान खाली घातली.

रामनरेशने अर्धवट भरलेली गाडी हळूच सुरू केली आणि तो निघून गेला. आवाज लहान होत गेला, मग विरला. बागेत शांतता झाली. सुकलेल्या पाल्याची सळसळ तेवढी.

पियुष आला नाही.

"आता?" नवल रडकुंडीला आला.

"आता पाय न वाजवता जा. जिथे जिथे पाहिलं तिथे खाली बस, आणि हेच हळू सांग."

नवल पाल्याच्या ढिगाशी बसला, बोलला. काही नाही. पाण्याच्या टाकीशी बसला, बोलला. काही नाही. मग विहिरीजवळची, पंपाच्या मोटारीची पत्र्याची खोली. तिचं दार रामनरेशने मघाशी उघडून पाहिलं होतं, आत हाकही मारली होती. नवलने दाराला हात लावला आणि चटकन मागे घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता. तो तिथेच तापल्या मातीत दाराबाहेर बसला.

"बेटा, गाडी गेली. मी पाहिली जाताना. पप्पा आता तुला कधीच गाडीत घालणार नाही. आई आली आहे. तू आत असशील तर नुसतं हूं म्हण. मी रागावणार नाही."

काहीच नाही. आणि मग, मायबापहो, खताच्या गोण्यांमागून एक आवाज आला. आवाज कसला, श्वासच तो.

"खरंच गेली?"

नवलने दार ढकललं. गोण्या आणि पत्र्याच्या बेचक्यात पियुष बसला होता. अंग भट्टीसारखं, ओठ फुटलेले, चेहरा लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले. बापाने हात पुढे केला तर लेकरू अंग चोरून आणखी मागे सरकलं. त्या एका हालचालीने नवलला जे शिकवलं ते बापाच्या डोळ्यानेही कधी शिकवलं नव्हतं. तो थांबला. हात तसाच पुढे धरून थांबला. वेळ जात होता, पत्रा पोळत होता, पण त्याने पोराला ओढलं नाही. आणि पियुष हळूहळू पुढे सरकून त्याच्या हातावर कोसळला.

"सावलीत आणा! कपडे काढा, हे फडकं भिजवा!" वना आबा ओरडले. दिपमालाने आबांचं फडकं पाण्यात बुडवून पोराला गुंडाळलं. वारा घातला. भाईदासने फटफटी काढली आणि ओल्या फडक्यातलं पोर छातीशी धरून नवल मागे बसला. रावेरच्या दवाखान्यापर्यंतची ती वीस मिनिटं! वाटेत पियुषने दोनदा डोळे फिरवले. मागून येणाऱ्या प्रत्येक भोंग्याला ते अर्धमेलं पोर त्याच्या छातीशी दचकत होतं, आणि प्रत्येक दचक्याला नवल त्याच्या कानाशी तेच म्हणत होता, "मी आहे, मी आहे."

डॉक्टरांनी भराभर उपचार सुरू केले. पंखा, ओल्या घड्या, सलाइन. "उन्हाचा झटका आहे. अजून अर्धा तास आत राहिला असता तर मी काही सांगू शकलो नसतो," ते म्हणाले. तेवढ्यात पियुष शुद्धीवर येऊ लागला. त्याने सुई पाहिली आणि तो हात ओढून घेऊ लागला.

"पप्पा… दुखेल?"

नवलच्या जिभेवर सवयीचं खोटं आलं. 'नाही रे, काहीच होत नाही' असं म्हणणार होता तो. त्याने ते गिळलं.

"हो बेटा, दुखेल. मोठी मुंगी चावल्यासारखं. पण थोडा वेळ. डॉक्टर तुझ्या अंगातलं ऊन काढून राहिले. मी हात धरतो. तू रडलास तरी चालेल."

पियुष रडला. पण त्याने हात ओढून घेतला नाही.

संध्याकाळी त्याला थोडं बरं वाटलं तेव्हा दिपमालाने केसांतून हात फिरवत विचारलं, "राजा, आम्ही एवढ्या हाका मारल्या, तू ओ का नाही दिलीस?"

"भैया आला होता ना आत. मला श्वास ऐकू येत होता माझा. मी तोंड दाबून धरलं. दोन्ही हातांनी."

दाराशी उभ्या शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माह्याच जिभेने शिकवलं रे मी याला," त्या म्हणाल्या. "नवलच्या येळी पण मीच."

दुसऱ्या दिवशी रामनरेशचा फोन आला. अर्धी गाडी दुसऱ्या बागेत भरून तो रात्रीच पुढे निघाला होता, आणि वाटेतल्या ढाब्यावरून विचारत होता, "बच्चा ठीक है ना?" नवलने आधी 'हो' सांगितलं आणि मग त्याची माफी मागितली.

आता कोणी म्हणेल, झालं, पोरगं वाचलं, बाप सुधारला, गोष्ट संपली. नाही मायबापहो! भीती पेरायला एक शब्द पुरतो, उपटायला हंगाम जातो. आजही कापणीच्या दिवशी गाडी आली की पियुष आईच्या मागे लपतो. आजही जेवताना हट्ट करतो, आणि आता नवलकडे त्याला गप्प करणारा तो एक शब्द नाही. कधी ताट तसंच राहतं. कधी अर्धा तास मोडतो. कधी नवलचा आवाज चढतो, मग तोच गप्प होतो, उठून पाणी पितो, परत येऊन बसतो. शेवंताबाईंच्या जिभेवर गाडी येते आणि त्या तोंडाला पदर लावतात. सोपं नाही. पण पियुष आता रात्री दचकला तर आईला नाही, बापाला हाक मारतो. नवल म्हणतो, एवढं मिळालं तरी देवाची कृपा.

वना आबा कीर्तनाच्या आधी मृदंगाला कणीक लावता लावता पोरासोरांच्या आयाबापांना एवढंच सांगतात, "धाक असावा, पण तो चूक करण्याचा असावा, माणसांचा नसावा. ज्या लेकराला खोट्या भीतीने गप्प बसवाल, ते खऱ्या संकटातही गप्पच बसेल." देव लेकरू आपल्या ओटीत टाकतो तो विश्वासाने. ते लेकरूही आपल्याकडे पाहतं ते विश्वासानेच. तो विश्वास एका घासासाठी विकू नका!

आणि मायबापहो, जाता जाता एकच मागणं. उद्या तुमचं लेकरू हट्टाला पेटेल, तुम्ही दमलेले असाल, आणि पोलिसाचं, सुईचं किंवा कुण्या गाडीवाल्याचं नाव तुमच्या ओठांवर येईल. तेव्हा क्षणभर थांबा, आणि त्या तापलेल्या पत्र्याच्या खोलीत, वाचवायला आलेल्या माणसापासून वाचण्यासाठी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसलेल्या पियुषची आठवण करा.